दुसरीतलं मूल पानभर उतरवून काढतं, पण मनातली एक ओळ लिहीत नाही. सुरुवात कुठून करायची?

रानजाई

मंडळी, पहिली-दुसरीच्या मुलांच्या लिखाणाबद्दल बोलायचंय. माझा मुलगा दुसरीत आहे, सेमी इंग्रजीत. अक्षर छान आहे. रोज एक पान शुद्धलेखन असतं, फळ्यावरचं तो जसंच्या तसं उतरवतो, काना-मात्राही सुटत नाही. पण "आज मधल्या सुट्टीत काय खेळलात, दोन ओळी लिही" म्हटलं की पेन्सिल तोंडात जाते आणि उत्तर येतं, "तू आधी लिहून दे, मग मी लिहितो." वर्गातल्या इतर आयांशी बोलले. बहुतेक घरी हेच चित्र आहे.

माझं मत स्पष्ट सांगते. आपण मुलांना अक्षरं काढायला शिकवतो आणि त्यालाच लेखन म्हणतो. आधी गिरवणं, मग अनुलेखन, मग श्रुतलेखन. या सगळ्यात मजकूर कायम दुसऱ्याचा. तिसरी-चौथीत अचानक 'माझी आई' निबंध येतो, तोही पाठ करून. वर्गात तीस वह्या आणि तिसांमध्ये एकच आई!

ज्यांनी या वयाच्या मुलांना शिकवलंय किंवा घरी काही करून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतःचं काही लिहायला कधी आणि कसं लावायचं? शुद्धलेखनाचं काय करायचं?

---

केळशीकर

वाचतोय. आमच्याकडेही पहिलीतली कन्या आहे. काल तिने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली : "बाबा माझ आइसकिम खाऊ नये". कोणी शिकवलं नव्हतं, गरज पडली आणि लिहिलं. 🙂

---

बोरूबहाद्दर

रानजाई, तुमचा मुद्दा कळतो, पण अक्षर काढण्याला इतकं कमी लेखू नका. मी बरीच वर्षं मुलांचे सुलेखन वर्ग घेतो. ज्या मुलाला 'झ' काढताना कुठून सुरुवात करायची हे प्रत्येक वेळी आठवावं लागतं, ते 'झाडावर माकड बसलं' हे वाक्य पूर्ण कसं करणार? 'झ' काढेपर्यंत माकड उडी मारून गेलेलं असतं. हाताला वळण पडलं की डोकं विचाराला मोकळं होतं.

आपल्याकडे मुळाक्षरांच्या क्रमाने अक्षरं गिरवायला देतात, तिथे गडबड होते. क-ख-ग-घ हा उच्चाराचा क्रम आहे, उत्तम शास्त्रीय आहे, पण हातासाठी तो सोयीचा नाही. 'क' आणि 'ख' ही सुरुवातीला सगळ्यात अवघड अक्षरं. म्हणून वळणाप्रमाणे गट करा : ग, म, भ, न एका गटात. व, ब, क पुढच्या गटात, कारण 'व' आला की पोटात रेघ देऊन 'ब' होतो आणि दांड्याच्या उजवीकडे वळण दिलं की 'क'. प, ष, फ तसेच. ट, ठ, ढ यांची गोलाई सारखी. दांडा वरून खाली, शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ मारली की शब्द तुटतात, मूल दोन शब्दांत जागाही सोडत नाही.

---

सह्याद्रीकन्या

+१ बोरूबहाद्दर. आणि ग म भ न वाचून इथल्या जुन्या लोकांना 'गमभन' या मराठी टंकलेखनाच्या साधनाची आठवण आली असणार. 😄

---

मनमोगरा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मुलांबरोबरच काम करते, म्हणून हाताबद्दल थोडं लिहिते.

सध्या माझ्याकडे 'लिहायचा कंटाळा करतो' म्हणून जी मुलं येतात, त्यांतली बरीच ज्युनिअर केजीपासून वहीत लिहीत असतात. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, बोटांचे लहान स्नायू कच्चे असतात. अशा हातात पेन्सिल देऊन चार रेघांत अक्षर बसवायला सांगितलं की मूल मुठीत पेन्सिल धरतं, जोर देतं, कागद फाटतो. ती पकड एकदा पक्की झाली की सहाव्या वर्षी सुटता सुटत नाही.

लिहिण्याची तयारी वहीबाहेर होते. कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, मटार सोलू द्या, कपड्यांना चिमटे लावू द्या, झाडावर लोंबकळू द्या. खांदा आणि दंड बळकट झाल्याशिवाय बोटं नीट चालत नाहीत. अंगणात ओल्या फडक्याने किंवा खडूने हातभर मोठं अक्षर काढायचं, मग पाटीवर, मग मोठ्या दुरेघीत, शेवटी एकरेघीत. पाटी शाळांतून हद्दपार झाली याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाटीवर पेन्सिल किंचित अडखळते, त्या घर्षणामुळे हाताला कळतं की आपण कुठे वळलो. आणि चुकलं तर पुसता येतं, वहीवर लाल खूण राहत नाही.

डावखुऱ्या मुलांबद्दल : हात बदलायला लावू नका. कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा म्हणजे लिहिलेलं दिसतं, आणि बाकावर डाव्या टोकाला बसवा. उजव्या हाताच्या मुलाच्या शेजारी, त्याच्या उजव्या बाजूला बसवलं तर दोघांची कोपरं दिवसभर एकमेकांना लागतात आणि दोघांचंही अक्षर बिघडतं.

---

गोदाकाठ

जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली, त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीवर. रानजाईताईंचा प्रश्न अगदी नेमका आहे.

बोरूबहाद्दर म्हणतात ते वळणाचं खरं. पण नुसत्या वळणाच्या गटांनी शिकवलं तर 'ग म भ न' शिकलेल्या मुलाला लिहायला शब्द कुठला मिळतो? नभ, मन, गमन. यातला सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी कुठला आहे? मला उपयोगी पडली ती दुसरी रीत. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन मावशींनी (मॅक्सीन बर्नसन) वाचन-लेखनाची जी पद्धत बसवली, तिच्यात अक्षरं आणि स्वरचिन्हं छोट्या गटांनी एकत्र येतात. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत काना थांबत नाही. म, क, ब, न, र ही पाच अक्षरं आणि काना एवढंच घ्या : मामा, काका, बाबा, नाक, कान, मका, बाक, बारका. लगेच फळ्यावर वाक्य येतं, "काका, मका बारका!" आणि वर्ग हसतो. पोरांना कळतं की अक्षरांनी गंमत सांगता येते. आपल्याकडे वर्षानुवर्षं 'कमळ, गवत, बदक, मगर' अशी बिनकान्याची शब्दांची रांग चालत आली, त्यात मुलाला स्वतःचं नावही लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट, लिहिता येण्याच्या आधी मुलाला 'लिहवता' येतं. रोज सकाळी मी फळ्याच्या कोपऱ्यात आजची बातमी लिहायचो. बातमी पोरांनी सांगायची. "गुरुजी, आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली." मी तेच शब्द, त्याच बोलीत लिहायचो, बोट ठेवून वाचायचो. "अजून काय?" "एक काळं, एक पांढरं." तेही लिहायचो. आपण बोलतो तेच फळ्यावर येतं आणि उद्याही तिथेच असतं, हे पोरांना पाहू द्यावं लागतं. काही आठवड्यांनी एखादं पोर उठून म्हणतं, "आज मी लिहितो." मग ते 'शेळी'चा 'शळी' लिहितं. लिहू द्यायचं.

---

अनुस्वार

गोदाकाठ सर, आदर राखून असहमत. 'लिहू द्यायचं' इथेच घोळ होतो. चुकीचा शब्द डोळ्यासमोर राहिला की तोच पक्का होतो. आज मोठमोठ्या वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर 'आणी' आणि 'परिक्षा' दिसतं, त्याचं मूळ कुठे आहे? आमच्या बाईंनी चुकलेला शब्द दहादा लिहायला लावला, म्हणून आज ऱ्हस्व-दीर्घ येतं.

---

गोदाकाठ

अनुस्वार, शुद्ध लिहिलंच पाहिजे, यात आपलं दुमत नाही. केव्हा, एवढाच प्रश्न आहे. 'शळी' लिहिणाऱ्या मुलाने श ऐकला, ळ ऐकला, शेवटची ई ऐकली. फक्त मात्रा राहिली. चारातले तीन त्याला स्वतःला उमगलेत. त्यावर लाल फुली मारली की उद्यापासून ते पोर फक्त येणारेच शब्द लिहितं : आई, बाबा, घर. 'शेळी', 'विंचू', 'ट्रॅक्टर' लिहायला धजत नाही.

मी त्याच्या ओळीखाली तीच ओळ शुद्ध लिहायचो, काही न बोलता. शिवाय आठवड्याला एकच चूक धरायची. या आठवड्यात सगळ्या वर्गाने मात्रा बघायची, बाकी सोडून द्यायचं. ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर 'मीठ' पण 'मिठात', 'फूल' पण 'फुलाला', हे कानाने कळत नाही, कारण बोलताना आपण मोठी माणसंही तेवढा फरक करत नाही. ते नियमाने आणि वाचनाने येतं. पहिलीत 'शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ' एवढं पक्कं करा. पाणी, वाटी, लाडू, चेंडू. इतक्याने अर्धं काम होतं.

---

मनमोगरा

वेलांटीबद्दल भर घालते. पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'दिवस' म्हणताना तोंडात द आधी येतो, हात मात्र वेलांटीपासून सुरू करावा लागतो. लहान मुलांना हे खरंच उलटं वाटतं. ज्यांना घ-ध, भ-म, ख-रव यांत गोंधळ होतो त्यांच्याबाबत लगेच घाबरू नका, सातव्या वर्षापर्यंत हे पुष्कळ मुलांत दिसतं. आठव्या-नवव्या वर्षीही तसंच राहिलं, वाचतानाही अडखळायला होत असेल, तर मात्र तज्ज्ञाला दाखवा. 'आळशी' म्हणून सोडून देऊ नका.

---

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहिते. इथे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी शिकवते. आमची मुलं मराठी बोलतात, लिहितात इंग्रजीत. इथल्या शाळेत पहिलीपासून मुलांना मनाने लिहू देतात, स्पेलिंग चुकलं तरी चालतं, आधी चित्र आणि खाली ओळ. तीच मुलं रविवारी माझ्याकडे येतात आणि मी बाराखडी गिरवायला दिली की गप्प होतात. म्हणून यंदा मीही चित्राने सुरुवात केली. "आजीकडे भारतात गेलात, एक गोष्ट काढा." एकाने रिक्षा काढली, खाली लिहिलं, "रिक्शा ला दार नाही". एका मुलीने "आजी चा दात पाण्यात झोपतो". वाचून आम्ही सगळ्या शिक्षिका हसलो आणि तो कागद वर्गात लावला.

एक सोय मात्र आपल्या लिपीत आहे, ती इथे राहून फार जाणवते : जसं बोलतो तसं बरंचसं लिहितो. इंग्रजीसारखं प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग पाठ करावं लागत नाही. त्यामुळे मराठीत मूल मनाने लवकर लिहू शकतं. आपण तो फायदा घेतच नाही.

---

पणजीकार

गोंयांतून नमस्कार. आमच्याकडे मराठी आणि कोंकणी दोन्ही प्राथमिक शाळा, लिपी देवनागरीच. माझी मुलगी घरी कोंकणी बोलते, शाळेत मराठी. ती लिहिते तेव्हा दोन्ही मिसळतात : "माज्या आजयेन आज शेवयो केल्या." मी तिला थांबवत नाही. पण बाईंनी वहीत पूर्ण वाक्य खोडलं, त्यानंतर ती बरेच दिवस फक्त पुस्तकातली वाक्यं लिहीत होती. गोदाकाठ सरांनी 'त्याच बोलीत' हे दोन शब्द लिहिलेत, ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.

---

तोरणमाळ

पणजीकार, शंभर टक्के. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात शिकवतो. माझी मुलं घरून पावरी बोलत येतात. पहिल्या दिवशी त्यांना मराठीही परकी आणि लिपीही परकी. दोन्ही एकदम अंगावर आलं की मूल महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. मी आधी त्यांच्या भाषेतले शब्द देवनागरीत लिहितो. लिपी एकदा आपल्या भाषेत समजली की मराठीसाठी ती पुन्हा शिकावी लागत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर नेलं, तेव्हा त्यांनी हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, दगड, माती, पानं घेतली. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी त्याच्या अंगणात गेली. माझ्याकडेही मुलं ओल्या मातीत काडीने अक्षरं काढतात. मनमोगरा म्हणतात ते घर्षण तिथे फुकट मिळतं.

---

केळशीकर

एक अवांतर प्रश्न. 'ल' आणि 'श' नक्की कसे शिकवायचे? मुलीच्या पुस्तकात एक, आमच्या आईच्या हातचे वेगळे, मोबाइलवर तिसरेच.

---

बोरूबहाद्दर

केळशीकर, पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शिकवा. मराठीची पूर्वापार वळणं तीच आणि २०२२ च्या शासन निर्णयातही तीच दिली आहेत. दांड्याचा 'ल' हिंदी छपाईतून आणि संगणकाच्या टंकांतून आला. मुलीला दोन्ही वाचता यावेत, लिहिताना एकच वळण ठेवावं.

---

सह्याद्रीकन्या

अवांतर निघालंच आहे तर आकड्यांचंही बोलू. २०१९ ला दुसरीच्या गणितात 'सत्तावन्न'ऐवजी 'पन्नास सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पण अक्षरी संख्या लिहिताना मुलं खरंच अडतात. एकोणसाठ ऐकलं की हात पाचऐवजी सहाकडे जातो. माझा भाचा ६९ लिहितो.

---

अनुस्वार

सह्याद्रीकन्या, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो. 😀

---

बालाघाट

उशिरा आलोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बीड जिल्ह्यातल्या वस्तीशाळेवर आहे. दिवाळी झाली की आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. काही पोरं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात. राहिलेल्या पोरांची दुसरीतली वही मी याच कामाला लावली : आईला पत्र. पाठ करायचं नाही, फळ्यावरून उतरवायचं नाही. जे सांगायचंय ते लिहायचं. फोटो काढून मी मुकादमाच्या फोनवर पाठवतो, तो कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाऊन दाखवतो. बऱ्याच आयांना वाचता येत नाही, कोणीतरी वाचून दाखवतं.

एका पोराचं पत्र असं होतं : "आई म्हस वेली. वगार झाल. आजीच गुडग दुकत. तू उसात सापाला बगून चाल." त्यात शुद्धलेखनाच्या चुका मोजायला बसलो असतो तर हातात काय उरलं असतं? त्या पोराने वाक्यं केली, क्रम लावला, काय महत्त्वाचं ते निवडलं. 'गुडघं' मी नंतर शिकवलं. आईकडून उलट निरोप आला तेव्हा त्याने दुसरं पत्र आपणहून लिहिलं आणि लिहिताना मला विचारलं, "गुरुजी, वगार लिहिताना वेलांटी लागती का?" शुद्धलेखनाची गरज त्याला तिथे वाटली, अनुस्वारभाऊ. वाचणारं कोणी असलं की नीट लिहावंसं वाटतं.

केंद्राचं 'निपुण भारत' अभियान २०२१ ला आलं, तिसरीअखेर वाचन-लेखन-अंकगणिताचा पाया पक्का करायचा म्हणून. उद्देश चांगलाच आहे. पण तिसरीचं मूल मिनिटाला ६० शब्द वाचतं का हे घड्याळ लावून मोजता येतं, त्याने मनातलं लिहिलं का हे मोजायला वही उघडून वाचावी लागते. म्हणून ते मागे पडतं. अधिकाऱ्यांना माझी एवढीच विनंती असते, भेटीला आलात की एक वही संपूर्ण वाचा.

---

अनुस्वार

बालाघाट गुरुजी, पत्र वाचून गलबलून आलं. पत्राच्या वेळी चूक दाखवू नये, हे मान्य. पण तिसरी-चौथीत कुणीतरी बसून नियम शिकवलेच पाहिजेत, हा माझा आग्रह कायम आहे. ते काम पुढच्या इयत्तेवर ढकलत ढकलत दहावी येते.

---

बालाघाट

त्याला माझं पूर्ण अनुमोदन.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता दोन व्यावहारिक शंका. शाळेत रोजचं एक पान शुद्धलेखन सक्तीचं आहे, ते करून मुलगा दमतो. त्यावर आणखी 'मनातलं लिही' कसं म्हणू? आणि त्याला विषय सुचत नाही, "काय लिहू?" यावरच गाडी अडते.

---

मनमोगरा

रानजाई, शाळेशी बोला. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. त्याऐवजी घरी संध्याकाळ कशी गेली, काय खेळलात, काय खाल्लंत हे मुलांनी वर्गात सांगावं, अशी सूचना आहे. शाळेला हे ठाऊक असतंच, पालकांनाच पानं भरलेली हवी असतात, असं मुख्याध्यापक सांगतात. चार-पाच पालकांनी मिळून 'आम्हाला नको' म्हटलं तर फरक पडतो. पानाऐवजी पाच ओळी, पण नीट बसून, पाय जमिनीला टेकवून लिहिलेल्या, एवढं मागा.

---

गोदाकाठ

विषय देऊच नका. 'पावसाळा', 'माझा आवडता प्राणी' ऐकलं की मुलाला वाटतं याचं उत्तर कुठेतरी छापलेलं आहे. काम द्या. वाणसामानाची यादी त्याला लिहू द्या आणि दुकानात तीच यादी घेऊन जा. 'तेल' राहिलं तर तेल येणार नाही. पाहुण्यांना दारावर पाटी, आजोबांना औषधाची आठवण, बहिणीशी भांडण झालं तर तक्रार अर्ज. केळशीकरांची आइस्क्रीमची चिठ्ठी पुन्हा वाचा, तिच्यात सगळं आलंय.

त्याने काही सांगितलं की "काय लिहू?" म्हणायच्या आत विचारायचं, "मग काय झालं?" जे सांगेल त्यातलं एकच वाक्य त्याने लिहायचं, बाकीचं तुम्ही. एकाच कागदावर दोघांचं अक्षर. काही दिवसांनी तुमचा वाटा कमी करत जा. आणि लिहिलेलं वाचून उत्तर द्या, लिहूनच. 'छान' असा शेरा नको. "कबड्डीत तुला कोणी पकडलं?" असा प्रश्न लिहा, म्हणजे त्याला पुढचं लिहावं लागतं.

---

केळशीकर

गोदाकाठ सर, मी चिठ्ठीखाली लिहिलं होतं, "कोणतं आइस्क्रीम?" उत्तर आलं : "चोकलेट. आणि मला माहित आहे तू खाल". 🙂

---

सह्याद्रीकन्या

मोठ्या रेघांची दुरेघी वही कुठे मिळते? इकडे दुकानात फक्त चार रेघी इंग्रजीची दाखवतात.

---

तोरणमाळ

सह्याद्रीकन्या, शाळेजवळच्या जुन्या स्टेशनरी दुकानात 'बालवर्गाची दुरेघी' म्हणून मागा. नाहीच मिळाली तर कोऱ्या ड्रॉइंग वहीत पट्टीने दोन बोटांच्या अंतराने रेघा मारा, वरची अर्धी जागा चित्रासाठी सोडा. मी सगळ्या वर्गाला तशाच करून दिल्यात.

---

रानजाई

तक्रार अर्ज आजच सुरू झाला. मुलाने बहिणीविरुद्ध तीन ओळी लिहिल्या, बहीण पाचवीत आहे, तिने उलट पानभर लिहिलंय. दोन्ही अर्जांना उद्या उत्तर द्यायचंय. शाळेतल्या चार पालकांशीही बोलले, शनिवारी मुख्याध्यापिकांची वेळ घेतली आहे. काय ठरतं ते इथे कळवते.